रायफलीला चार भोकं

टॅमरॅक क्रीक, अप्पर मिशिगन
२० सप्टेंबर १९७८

ती. अर्मासकाकांस,
आयलीचा सा. न. वि. वि.

अकरा वर्षांनी आमच्या घरून पाकीट आलेलं बघून तुम्ही आधी ते उलटसुलट कराल आणि कोण गेलं ते शोधाल. कोणी गेलेलं नाही. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसलेत आणि मी स्वयंपाकघरात हे लिहिते आहे. मी शाळेच्या भटारखान्याची यादी करते आहे असं त्यांना वाटतंय. दर नाताळाला तुमचं कार्ड येतं ते बाबा न उघडता शेगडीत घालतात. गेल्या वर्षी मी पाकिटाचा कोपरा फाडून ठेवला होता, त्यावरून पत्ता मिळाला.

बाबांची फुप्फुसं खाणीच्या धुळीनं भरली आहेत. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की नाताळाचा बेत त्यांना धरून करू नका. बाबांनी ते दाराआडून ऐकलं असावं, कारण गाडीत बसल्यावर म्हणाले, बरं झालं, हरणांचा मोसम त्याच्या आधीच असतो.

त्यांचं एकच मागणं आहे. दलदलीतल्या आपल्या झोपडीवर, आजोबांच्या रायफलीनं मारलेलं हरीण एकदा खायचं. एक्केचाळीस वर्षांत त्यांचा एकही मोसम रिकामा गेलेला नाही. आता त्यांच्यानं रायफलीचा गोळी चढवायचा बोल्टसुद्धा ओढवत नाही, तेव्हा ती मी उचलायची असं ठरलं आहे. म्हणजे त्यांनी ठरवलं. मी अडतीस वर्षांची, चष्मा लावणारी, दीडशे पोरांचं सूप ढवळणारी बाई. शेजारी मदत करतील, पण त्या रायफलीला परक्याचा हात लागलेला बाबांना खपत नाही.

परवा घरामागे कुंपणावर डबा ठेवून तीन गोळ्या झाडल्या. नळीच्या टोकावरची नेम धरायची ती बारीक माशी दिसली तर डबा दिसत नाही, आणि डबा दिसला तर माशी दिसत नाही. डबा आहे तिथंच आहे. बाबा खिडकीतून म्हणाले, असंच चालू ठेव, हरणं म्हातारी होऊन मरतील. मग हसता हसता त्यांना जो खोकला लागला तो अर्धा तास थांबला नाही.

दुर्बीण बसवली तर मला जमेल का? बाबांपुढे एकदा विषय काढला होता. दुर्बीण चंद्र बघणाऱ्यांनी वापरावी, असं उत्तर मिळालं. तुमच्याशिवाय विचारावं असं कुणी नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

काकूंना नमस्कार. आम्हाला अगदीच विसरला नसाल, या भरवशावर थांबते.

आपली,
आयली


हार्लन, दक्षिण विस्कॉन्सिन
२७ सप्टेंबर १९७८

चि. आयलीस,
अनेक उ. आशीर्वाद.

पाकीट उलटसुलट केलं हे खरं. डोरिस म्हणाली, उघड की, आत साप नाही. तुझी काकू अजून तशीच आहे. मी तेवढा सुटलो आहे. दुकानातल्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये आणि माझ्यात गिऱ्हाइकांची गल्लत होते.

वेइक्कोच्या फुप्फुसांचं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एकाच्या गाडीला दुसऱ्याची चाकं चढवली. त्यापुढे काय लिहावं ते सुचत नाही म्हणून कामाचं लिहितो.

दुर्बिणीनं जमेल. तुझ्या डोळ्यांना एकाच वेळी जवळची खाच, लांबची माशी आणि त्याहून लांबचं हरीण बघायचं आहे. ते माझ्याच्यानंही आता होत नाही. दुर्बिणीत सगळं एका पातळीवर येतं. फुली हरणावर ठेवायची, की झालं. अडचण वेगळीच आहे. ती रायफल आपल्या आप्पांनी घेतली तेव्हा दुर्बीण लावायची पद्धत नव्हती. तिच्या माथ्यावर पोलादात चार भोकं पाडून, आटे काढून, त्यावर पट्टी बसवावी लागेल. मागची खाचही काढावी लागेल, ती आड येते. एकदा भोक पडलं की पडलं.

तू 'पाडू का' असं विचारणार, म्हणून आधीच सांगतो. आप्पा ती रायफल रविवारी मांडीवर घेऊन पुसायचे तेव्हा आम्हा दोघांना हात लावायची परवानगी नव्हती, फक्त चिंधी धरायची. थोरला म्हणून मी चिंधी धरायचो आणि वेइक्को तेलाची बाटली. तिला ड्रिल लावायला सांगताना माझा हात थांबला. तरी पाड. पोलाद वाचवून काय करायचं आहे?

दुर्बीण विकत घेऊ नकोस. माझी पाठवतो. पंधरा वर्षं माझ्या रायफलीवर होती, तिच्यावर माझा विश्वास आहे. पट्टी आणि दुर्बीण धरणारी कडीही सोबत येतील.

वेइक्कोला यातलं काही सांगू नकोस. तुझा लोभ अकरा वर्षं कुठंतरी शिलकीत होता म्हणायचा. तो आता खर्चायला हरकत नाही.

तुझा,
अर्मासकाका


टॅमरॅक क्रीक
८ ऑक्टोबर १९७८

ती. अर्मासकाकांस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. चामड्याच्या डब्यात इतकी नीट गुंडाळलेली दुर्बीण बघून शाळेतल्या बायकांना वाटलं मला कुणी दागिना पाठवला.

चापाची स्प्रिंग सैल झाली आहे अशी बाबांना थाप मारून मी रायफल बंदूकवाल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाला, ही तुमच्या वडलांची ना? दुसऱ्यांदा म्हणाला, त्यांना माहीत आहे ना? तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही, नुसता ड्रिल हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी पाडा म्हटलं आणि बाहेर जाऊन त्याच्या कुत्र्यापाशी उभी राहिले. आवाज दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा येत होता.

पट्टी त्यानं बसवून दिली. कडी आणि दुर्बीण मी स्वतः लावीन म्हटलं, कारण ते शिकल्याशिवाय माझा हात बसणार नाही. रायफल सध्या तळघरात बटाट्यांच्या पोत्यामागे आहे. आता काय करू ते पायरी पायरीनं लिहा, मी पोळपाटाशेजारी कागद ठेवून लाटणारी बाई आहे.

बाबा आता रात्री बसूनच झोपतात. काल वेलदोड्याचा पाव केला होता, एक तुकडा खाल्ला. हरणाचं मात्र रोज विचारतात. हरणानं पत्र पाठवायचं कबूल केल्यासारखं विचारतात.

उत्तराची वाट बघते. माया राहू द्या.

आपली,
आयली


हार्लन
१२ ऑक्टोबर १९७८

चि. आयलीस,
अ. उ. आ.

कुत्र्यापाशी उभी राहिलीस ते बरं केलंस. मी असतो तर मीही तिथंच उभा राहिलो असतो.

आता नीट वाच. रायफल रिकामी आहे ना, ते आधी बघ. मग पुन्हा बघ. कड्यांमध्ये दुर्बीण सैलच ठेव. डोळे मिटून दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला लाव, आपल्या उशीवर डोकं ठेवतेस तसा. मग डोळे उघड. पूर्ण गोल दिसला तर दुर्बीण जागेवर आहे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दुर्बीण पुढेमागे सरकव. मान सरकवायची नाही. भिवई आणि काच यांत चार बोटं अंतर हवंच. फुलीची उभी रेघ खरंच उभी आहे ना ते दाराच्या चौकटीशी ताडून बघ. मग स्क्रू चाकाचे नट आवळतात तसे आवळ, हा थोडा, समोरचा थोडा. एकच स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाणारी माणसं मला गिऱ्हाईक म्हणून आवडतात, कारण ती परत येतात.

खडीच्या खाणीवर जा. पंचवीस यार्डांवर कागदाची बशी ठोक. बोल्ट काढ, रायफल वाळूच्या पोत्यांवर ठेव आणि नळीतूनच बशी बघ. बशी नळीच्या मधोमध आली की रायफल न हलवता दुर्बिणीच्या दोन चकत्या फिरवून फुली बशीवर आण. मग बोल्ट घालून तीन गोळ्या झाड. एका गोळीवरून काही ठरवायचं नाही. तिन्हींचा मध्य काढ आणि चकती फिरव. चकतीवर लिहिलेला हिशेब शंभर यार्डांचा असतो. पंचवीसवर चौपट टिचक्या, म्हणजे चकतीचे खटके, लागतात. लोक तिथं एक टिचकी देतात, काही हलत नाही म्हणून मग दुर्बिणीला शिव्या देतात. पंचवीसवर जमलं की शंभरावर जा.

कानात कापूस घाल. वेइक्कोची तब्येत दर पत्रात लिहीत जा, मी विचारलं नाही तरी.

आमच्यावर लोभ ठेवशील तेवढा थोडाच वाटेल.

तुझा,
अर्मासकाका


टॅमरॅक क्रीक
२२ ऑक्टोबर १९७८

ती. अर्मासकाकांस,
सा. न. वि. वि.

चार बोटं म्हणालात ती तुमची की माझी? तिसऱ्या गोळीला दुर्बिणीनं माझ्या भिवईचा घास घेतला. अर्धगोल चिरली, रक्त चष्म्यावर. घरी आल्यावर बाबांना सांगितलं की फडताळाचं दार लागलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, फडताळ गोल होतं वाटतं.

काका, त्यांना कळलं आहे. ते बोलत नाहीत, एवढंच.

पंचवीस यार्डांवर नऊ गोळ्या झाडल्या. एक बशीच्या वर, एक खाली, एक कुठं गेली ते देवाला माहीत. तुमच्या टिचक्या मोजून फिरवल्या तरी पुढच्या तीन पुन्हा तीन गावांना. मिस्त्री तिकडून चालला होता, तो थांबून म्हणाला, बाई, रायफल बरोबर मारते आहे, तुम्ही चाप ओढायच्या आधी दोन्ही डोळे मिटता. खरं आहे. आवाज होणार हे मला ठाऊक असतं आणि माझे डोळे त्याच्या आधीच घरी निघतात.

बाबांना आता नळीतून प्राणवायू देतात. नळकांडं ओढत स्वयंपाकघरापर्यंत येतात, बसतात, मग परत जायला पंधरा मिनिटं. मोसमाला चोवीस दिवस उरले. ते रोज कॅलेंडरवर काट मारतात आणि मी ते बघते. मला नाही वाटत हे जमेल.

तरी माया असू द्या.

आपली,
आयली


हार्लन
२७ ऑक्टोबर १९७८

चि. आयलीस,
अ. उ. आ.

फडताळ गोल होतं, हे मी डोरिसला तीनदा वाचून दाखवलं.

डोळे मिटण्यावर औषध आहे. आता गोळी झाडू नकोस. रिकामी रायफल तळघरात घे, नळीवर एक नाणं ठेव आणि चाप ओढ. नाणं पडता कामा नये. रोज पन्नास वेळा. चाप ओढायचा नाही, तो आपोआप सुटला पाहिजे. तुला कळायच्या आत. पंधरा दिवसांत डोळे घरी जायचं विसरतील.

नाही वाटत जमेल, असं लिहिलंस. मी सतरा वर्षांचा असताना जेवणाचा डबा घेऊन घर सोडलं तेव्हा मलाही वाटत नव्हतं. पण माझ्याकडे चोवीस दिवसांपेक्षा जास्त होते, हे कबूल करतो.

लोभ वाढावा म्हणायची रीत आहे. मी म्हणतो, आहे तेवढा आवळून धर.

तुझा,
अर्मासकाका


टॅमरॅक क्रीक
६ नोव्हेंबर १९७८

ती. अर्मासकाकांस,
सा. न. वि. वि.

शंभर यार्डांवर तीन गोळ्या. तिन्ही कॉफीच्या कपाच्या तोंडात मावतील अशा. मिस्त्रीनं बशी काढून स्वतःच्या भिंतीवर लावली.

आठवडाभर तळघरात टकटक चालली होती. बाबा वरून म्हणायचे, उंदरांनी हत्यारं घेतलीत वाटतं. एकदा म्हणाले, उंदरांना सांग, श्वास अर्धा सोडून थांबायचं, मग ओढायचं. मी तसं केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नाणं पडायचं थांबलं.

डॉक्टरांनी झोपडीवर जायला साफ मनाई केली आहे. बाबांनी त्यांना विचारलं, इथं मेलो तर चालेल का? तेव्हा आम्ही चौदाला जातो. प्राणवायूची नळकांडी आणि बाबा दोन्ही घसरगाडीवरून न्यायचे. मी झोपडीपासून साठ पावलांवर सीडरच्या झाडाखाली बसेन, म्हणजे त्यांना खिडकीतून दिसेन.

काका, झोपडीत खाटा तीन आहेत. तुम्ही चौदाच्या संध्याकाळी आलात तर कुणी काही विचारणार नाही. आत येऊन बसायचं, सौनाची वाफेची खोली तापवायची, एवढंच. मी बाबांना विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील. न विचारता आलात तर उठून बाहेर जायचं बळ त्यांच्यात नाही.

वाट बघते. माया राहू दे.

आपली,
आयली


हार्लन
१० नोव्हेंबर १९७८

चि. आयलीस,
अ. उ. आ.

कॉफीच्या कपाचं वाचून दुकानात सगळ्यांना कॉफी पाजली. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

येण्याचं म्हणालीस. पहिलं बर्फ पडलं की इकडे सगळ्यांना एकदम बर्फाचे टायर हवे असतात. माझ्याकडे दोन माणसं, त्यातलं एक पाठदुखीनं घरी. हा आठवडा सोडणं जमणार नाही.

तू लहान नव्हतीस, तरी तुला अर्धंच ठाऊक असेल म्हणून लिहितो. अकरा वर्षांपूर्वी आप्पांना पोचवून आलो, चर्चच्या तळघरात लोक कॉफी पीत होते. मी घरी जाऊन खुंटीवरची रायफल काढली आणि माझ्या गाडीच्या डिकीत ठेवून चर्चपाशी परत आलो. थोरला होतो. कुणाला विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही. वेइक्कोनं शेवटची नऊ वर्षं आप्पांना भरवलं, धुतलं, उचललं. आणि मी वर्षातून एकदा चकचकीत गाडीतून यायचो. तो बाहेर आला, सगळ्या गावादेखत डिकी उघडली, रायफल काढली आणि चालत घरी गेला. बोलला काहीच नाही. बोलला असता तर भांडण झालं असतं आणि मिटलं असतं.

मोसमभर रायफल बाहेर पडवीतच टांगायची, शेगडीजवळ न्यायची नाही, हे तुला सांगायला नको. झोपडीचा नियमच आहे. श्वास अर्धा सोड. तो सांगतो ते बरोबर आहे.

आमच्याकडे मन वळतं ठेव.

तुझा,
अर्मासकाका


टॅमरॅक क्रीक
१७ नोव्हेंबर १९७८

ती. अर्मासकाकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीन वेळा फाडून पुन्हा लिहिते आहे.

चौदाला दुपारी पोचलो. बाबांना शेगडीपाशी बसवलं, रायफल पडवीत खिळ्याला टांगली आणि मी ओढ्यावर पाणी आणायला गेले. बर्फ फोडावं लागलं, वेळ गेला. परत आले तर रायफल बाबांच्या मांडीवर. ते पडवीपर्यंत कसे गेले मला माहीत नाही, नळी नाकातून निघालेली, ओठ निळे. शेगडीवर किटली उकळत होती, माझे ओले लोकरी कपडे वाळत होते, सगळ्या खोलीला घाम आलेला, आणि त्या उबेत ते रायफल पुसत बसले होते. शांत. आजोबा पुसायचे तशी, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. दुर्बीण कड्यांच्या बाजूनं चिंधीनं पुसली. पट्टीच्या चारही स्क्रूंवरून अंगठा फिरवला. म्हणाले, भोकं सरळ पाडलीत, कुणी पाडली? मी मिस्त्रीचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. बस्स.

नियम मोडून आत का आणलीत, असं मी कोणत्या तोंडानं विचारणार? एक्केचाळीस वर्षं तो नियम त्यांनीच पाळला. उघड्या माशीच्या रायफलीला उबेनं बिघडणार काय, तर थोडा गंज. मीही तेवढाच विचार केला आणि रायफल परत बाहेर टांगली. पहाटे उणे अठरा होतं.

साडेसातच्या सुमारास तो आला. आठ टोकांची शिंगं, सीडरचा पाला चघळत, साठ-सत्तर यार्ड. गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला, आणि दुर्बिणीत पांढरं होतं. दूध ओतल्यासारखं. बाहीनं पुसलं. पुढची काच पुसली. पांढरंच. बाहेर नव्हतं ते, आत होतं. मागची खाच काढलेली, तेव्हा वरून नेम धरायलाही काही नाही. तो उभा राहिला, काका. मिनिटभर तरी आडवा उभा राहिला. मग चालत गेला, पळालासुद्धा नाही.

दुपारी उन्हात ठेवल्यावर दुर्बीण आपोआप स्वच्छ झाली.

झोपडीत आले तेव्हा बाबा खिडकीपाशीच होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. म्हणाले, देखणा होता. मग विचारलं, का नाही? मी म्हटलं, माझ्यानं झालं नाही, बाबा, काळीज झालं नाही. ते म्हणाले, तुझ्या आईच्यानं कोंबडीही कापवत नव्हती. आणि माझ्या हातावर थोपटलं. थोपटलं, काका.

सोळाला त्यांना जास्त झालं आणि परत आणलं. तेव्हापासून हरणाचं नाव काढलेलं नाही. कॅलेंडरवर काटही मारत नाहीत.

पुढचं काही सुचत नाही. माया असू द्या.

आपली,
आयली


हार्लन
२० नोव्हेंबर १९७८

चि. आयलीस,
अ. उ. आ.

वेइक्कोकडून चूक झाली नाही. माझ्याकडून झाली.

दुर्बीण धड असेल तर उबेतून थंडीत नेल्यावर बाहेरून धुकं येतं, पुसलं की जातं. आत दमट हवा शिरते ती काचेच्या कडेची हवाबंद सील गेलेली असेल तरच. सात वर्षांपूर्वी ती दुर्बीण माझ्या ट्रकमधून सिमेंटवर पडली होती. त्या हिवाळ्यात एकदा आतून पांढरी झाली. मी ती दुकानाच्या खिडकीत वाळवली, पुन्हा तसं झालं नाही, आणि मी तो विषय मनातून काढून टाकला. तुला पाठवताना आठवला होता. दुकानापासून चार पावलांवर नवी मिळाली असती. पण मला माझीच पाठवायची होती. आप्पांच्या रायफलीवर माझं काहीतरी बसावं, एवढा हव्यास. गिऱ्हाइकाला असा टायर मी जन्मात विकला नसता.

काळीज झालं नाही, हे तू का सांगितलंस ते कळलं. त्यानं रायफल आत आणली म्हणून हरीण गेलं असं त्याला कळू नये म्हणून. पण त्याला खरं सांग. सगळं माझ्यावर ढकल. मला शिव्या द्यायला मिळाल्या तर त्याच्यात आठवडाभराचं बळ येईल.

इकडचा मोसम शनिवारी सुरू झाला. दुकान बंद ठेवून गेलो आणि रविवारी एक नर मिळाला. मागचा पाय कागदात गुंडाळून, बर्फ घालून बसनं पाठवला आहे. बुधवारी तुमच्या बसथांब्यावर जा. वाटलं तर त्याला झोपडीचं म्हणून वाढ, दुसऱ्या दिवशी जाऊन आणलं म्हण. मला हेही पटत नाही, पण माझ्या हातात दुसरं काही नाही.

लोभ मागायचं तोंड नाही. तरी ठेव.

तुझा,
अर्मासकाका


टॅमरॅक क्रीक
२७ नोव्हेंबर १९७८

ती. अर्मासकाकांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी पावणेदहाला बाबा गेले. तार करणार होते, पण शब्द मोजून लिहिता येईना.

मांस बुधवारी मिळालं. गुरुवारी थँक्सगिव्हिंग होतं. तुकडे पातळ कापून लोण्यात आणि कांद्यात परतले, चाकूही नको इतके मऊ केले. ते उठून बसले. मी काहीच सांगितलं नाही, नुसती बशी पुढे ठेवली. माझी खोटं बोलायची तयारी होती, पण त्यांनी विचारलंच नाही.

पहिला तुकडा खाल्ला. दुसरा बराच वेळ चघळला. मग काटा ठेवला आणि म्हणाले, हे मका खाऊन वाढलेलं आहे. आपल्या हरणांना सीडरचा वास येतो. हे दक्षिणेचं आहे. मग म्हणाले, अर्मासचं चांगलं चाललेलं दिसतंय, त्याची हरणंसुद्धा गुबगुबीत.

मग मी सगळं सांगितलं. पत्रं, पार्सल, दुर्बीण तुमची होती, सील गेली होती, हरीण समोर असताना आत पांढरं झालं. उबेत आणल्यामुळे झालं एवढं सांगितलं नाही. तुमच्या वाट्याचं सगळं तुमच्यावर ढकललं, तुम्ही म्हणालात तसं. शिव्या देतील म्हणून वाट बघत होते.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, म्हणजे तुझं काळीज होतं. मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, मग त्यानं ती दुर्बीण स्वतः का नाही आणून दिली?

मी म्हटलं, बर्फाच्या टायरांचा मोसम आहे, बाबा. ते म्हणाले, हो, असतो. आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर शनिवारपर्यंत पाणी मागितलं तेवढंच.

बशीतलं बाकीचं मला खाववलं नाही. टाकवलंही नाही. गोठवून ठेवलं आहे.

जमीन दोन फूट गोठली आहे, त्यामुळे खड्डा मे महिना आल्याशिवाय होणार नाही. तोवर त्यांना दफनभूमीच्या दगडी कोठडीत ठेवलं आहे, हिवाळ्यात गेलेल्या बाकीच्या लोकांबरोबर. प्रार्थना उरकली, कॉफी झाली. तेव्हा तुम्ही आत्ता धावपळ करू नका. मेमध्ये कळवीन, तेव्हा या.

काकूंना नमस्कार. इतकं झाल्यावरही तुमच्याशिवाय माझं आता कुणी नाही, तेव्हा माया सोडू नका.

आपली,
आयली


हार्लन
२ डिसेंबर १९७८

चि. आयलीस,
अ. उ. आ.

पत्र दुकानात आलं. दोघांना घरी पाठवलं आणि दार लावून वाचलं.

मेमध्ये येईन. डोरिसही येईल. तिच्या कॅलेंडरवर पुढचा मे अजून छापलेला नाही, तिनं मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे. खड्ड्याचा, दगडाचा काय तो खर्च माझ्याकडे, त्यावर वाद घालू नकोस. तू शाळेत परत जायला लागलीस का ते लिही. एकटी जेवत जाऊ नकोस, त्या मिस्त्रीच्या कुत्र्याला का होईना बोलाव. दर पंधरा दिवसांनी पत्र टाक. मी टाकीनच.

तुझ्या बापानं तुझ्यावर केला तेवढा लोभ माझ्याच्यानं होणार नाही. जो होईल तो घे.

तुझा,
अर्मासकाका

ता. क. वेइक्कोनं विचारलं त्याचं उत्तर वर लिहायचं टाळलं, ते इथं लिहितो. ते पार्सल मी हार्लनहून टाकलेलं नाही. डोरिसला टायर आणायला जातो सांगून ती दुर्बीण शेजारच्या सीटवर घेऊन मी पहाटे निघालो, सात तास गाडी चालवली आणि मिशिगनची हद्द ओलांडून एका खानावळीत थांबलो. ॲपल पाय खाल्ला. कॉफी तीनदा घेतली. खिडकीतून समोरचं पोस्ट दिसत होतं. तिथून तुमचं घर चाळीस मैल होतं. पोस्टातली बाई पार्सल तोलून म्हणाली, जवळच आहे, उद्या पोचेल. मी म्हटलं, घाई नाही.